सळ्यांच्या मधली जागा

"हातूंतल्यान कांयच दिसना गो बाय."

माझं कानातलं खिडकीच्या उजेडात धरून, एक डोळा मिटून आन्टी बोलत होत्या. यातून काहीच दिसत नाही. पणजीतल्या फोंताइन्हास या जुन्या वस्तीतल्या त्यांच्या घराचा सज्जा मी समोरच्या पायरीवर बसून तीन सकाळी कागदावर उतरवला होता. त्याच्या लोखंडी कठड्यावरची वेलबुट्टी चांदीच्या लंबगोल पत्र्यावर, पत्रा लाखेत बसवून, ठोकून उठवली होती. एकही वळण सुटलं नव्हतं. त्यांनी कठडा लगेच ओळखला, खूश झाल्या, आणि मग तो डाग, म्हणजे दागिना, उजेडात धरून हे म्हणाल्या.

मला वाटलं, वय झालंय, नजर कमी झाली असेल. म्हणून मी बोटाने दाखवायला लागले. हे पान, ही सळी, हा गोल. त्यांनी माझं पुरतं ऐकून घेतलं नाही. मनगट धरून मला सज्ज्यात नेलं आणि वेताच्या बुटक्या खुर्चीत बसवलं. आता बघ, म्हणाल्या.

तो कठडा मला रस्त्यावरून पाठ होता. खुर्चीत बसून मी तो कधी पाहिलाच नव्हता. सगळी दाट नक्षी खालच्या अंगाला, गुडघ्यापर्यंत. बसलेल्या बाईचे पाय रस्त्यावरून दिसू नयेत म्हणून, असं आन्टींचं म्हणणं. त्याच्या वर नुसत्या उभ्या सळ्या आणि त्यांच्यामध्ये चार-चार बोटांच्या फटी, बरोबर डोळ्यांच्या उंचीला. त्या फटींतून पोदेराची, म्हणजे पाववाल्याची, सायकल दिसत होती, कोपऱ्यावर टोपली उतरवून बसलेली मासळीवाली दिसत होती, समोरच्या पिवळ्या भिंतीवर वाळत घातलेली चादर दिसत होती. आन्टींच्या सासूबाई तिथे बसायच्या, नंतर आन्टी बसायला लागल्या. घराबाहेर पाऊल न टाकता अख्खी गल्ली ठाऊक असलेल्या बायकांच्या दोन पिढ्या त्या फटींनी पाहिल्या होत्या. मी सळ्या उतरवल्या होत्या. फटी बुजवून टाकल्या होत्या.

ही गोष्ट सहा वर्षांपूर्वीची. त्यानंतर मी जे काही घडवलं, ते त्या खुर्चीतून उठल्यावरचं आहे.

आम्ही शेट, म्हणजे सोनार. बाबांचं दुकान पणजीच्या मळा भागात, एका खोलीचं. पुढे काचेचं कपाट, मागे बागेसरी, म्हणजे सोनाराची शेगडी, तिच्याशेजारी ऐरण, तार ओढायचं जंतर आणि पाण्याचं मडकं. बाबांच्या हाताखालून वाट्या, पाटल्या, कुड्या, जोडवी गेली, आणि त्याहून जास्त गेली डागडुजी. तुटलेली कडी, सैल झालेलं घर, झिजलेली फिरकी. मी पणजीच्या आल्तिनो टेकडीवर चित्रकला शिकले आणि परत त्याच खोलीत, त्याच ऐरणीपाशी येऊन बसले. फक्त सोन्याऐवजी चांदी घेतली आणि देवादिकांच्या, फुलापानांच्या जागी माझं शहर. बाबांनी विरोध केला नाही. एकच प्रश्न विचारायचे, आजही विचारतात : "हे घालून बाई कुठं जाणार?" प्रश्न साधा आहे. मान वळवताना हे टोचेल का, ओढणीत अडकेल का, लग्नाला चालेल का, ऑफिसला चालेल का, ते या प्रश्नात सगळं येतं.

सुरुवातीच्या वर्षात माझ्याकडे त्याचं उत्तर नव्हतं, कारण मी घरं करत होते. छोटी घरं. कौलारू छप्पर, दोन खिडक्या, कौलावर कोंबडा. पणजीच्या चर्चच्या नागमोडी पायऱ्या. निळ्या फरशीचा चौकोन. पर्यटक घ्यायचे. एका दुकानाने दोनशे घरं एकदम मागितली. मी पहिल्यांदाच बाहेरून ओतीव काम करून घेतलं. त्यात हवा राहिली, पृष्ठभागावर बारीक भोकं पडली आणि निम्मा माल परत आला. उरलेल्या निम्म्याचे पैसे आजतागायत आलेले नाहीत. ते दुखणं मोठं होतं, पण त्यापेक्षा मोठं दुखणं वेगळं होतं. ती घरं कानात टांगली की कानाचं काहीच होत नव्हतं. घर घरापाशी राहायचं, कान कानापाशी. आठवण म्हणून नेलेली वस्तू आणि दागिना यात मला वाटतं हाच फरक आहे. आठवणीची वस्तू कपाटात ठेवली तरी तिचं काम होतं. दागिन्याला अंग लागतं.

आन्टींच्या खुर्चीतून उठून आले त्या रात्री मी पहिल्यांदा आमच्याच धंद्याची बोली नीट ऐकली. खडा जिथे बसतो त्याला आम्ही घर म्हणतो. घर सैल झालंय, घर उचलून दे, घराचे काटे दाब. दाराला कडी असते आणि साखळीलाही कडीच असते. जुन्या दाराला वरून लागते तीही साखळी. पाटलीला बिजागरी असते. फिरकीत मळसूत्र असतं. वाकीला कमान असते, आणि घाट नदीलाही असतो आणि डागालाही. लहानपणापासून हे शब्द माझ्या कानावर होते आणि मी घराचं चित्र काढून ते चांदीवर चिकटवत बसले होते. भाषेने मात्र हे कधीच करून ठेवलं होतं. तिने घराचं रूप घेतलं नव्हतं, घराची कामं घेतली होती. धरणं, मिटणं, उघडणं, तोलणं, आत घेणं.

मग मी शहरात फिरायला लागले ते हे बघत, की इथल्या घरांनी कशाला वाट ठेवली आहे.

आईचं माहेर फोंड्याकडे. तिथल्या जुन्या घराला राजांगण आहे. मध्ये उघडं आकाश, खाली तुळशीवृंदावन, चारी बाजूंनी उतरत्या कौलांचा सोपा. पावसाळ्यात चारी पागोळ्या एका चौकोनात पडतात आणि घराच्या मधोमध पाऊस उभा राहतो. त्या घराने पावसाला आत येऊ दिलं आहे, फक्त कुठवर यायचं ते सांगितलं आहे. त्यावरून मी एक अंगठी केली. चौकोनी, वरून उघडी, काठ आतल्या बाजूला उतरते. मध्ये काही नाही. घातली की मध्ये बोट दिसतं. बाबांनी ती करंगळीत घालून पाहिली आणि म्हणाले, "खडा कुठाय?" मी म्हटलं, तिथे तुळस आहे असं समजा. त्यांनी मान हलवली. नापसंतीने नाही, विचार करताना हलवतात तशी.

शिंपल्यांच्या खिडक्यांनी मला सगळ्यात जास्त काळ अडवून धरलं.

काच महाग होती आणि लांबून यायची, तेव्हा गोव्यातल्या घरांनी समुद्रातून खिडकी काढली. प्लॅक्युना प्लॅसेंटा नावाचा एक चपटा, तळहाताएवढा शिंपला असतो. तो कापून चौकोनी करायचा आणि लाकडी पट्ट्यांच्या खाचांमध्ये एकावर एक सरकवत न्यायचा. दुपारी चारच्या सुमाराला अशा खिडकीच्या आत उभं राहून बघावं. ऊन आत येत नाही, उजेड येतो. ताकाच्या निवळीसारखा, थोडा पिवळट, थोडा मोतिया. प्रत्येक शिंपल्याच्या अंगावर वाढीच्या रेषा असतात आणि प्रत्येकाचा उजेड वेगळा. बाहेरचं झाड दिसत नाही, झाड हललेलं कळतं. आतली माणसं बाहेरून दिसत नाहीत. सज्ज्याच्या फटीतून नजर जाते, शिंपल्यातून नजर अडते आणि उजेड जातो. एकाच गल्लीत, एकाच घराला या दोन्ही सोयी शेजारी शेजारी.

आता चांदीतून उजेड जात नाही. ठोकून कितीही पातळ करा. मी पत्रा इतका पातळ केला की बोटाने वळावा, त्यावर बारीक ठोके मारून शिंपल्याची लकाकी आणायचा प्रयत्न केला. लकाकी आली, पण ती समोरून पडलेल्या उजेडाची. पलीकडून येणाऱ्या उजेडाचा तिथे पत्ता नव्हता. मग पाठ नसलेलं मीनाकाम करून पाहिलं. चांदीच्या चौकटीत फक्त काचेचा थर, मागे पत्रा नाही. भट्टीतून निघताना सुंदर दिसायचं आणि थंड होता होता तडकायचं. सोळा तुकडे केले, तीन वाचले, आणि तेही काचेसारखेच दिसत होते, शिंपल्यासारखे नाही.

खरा शिंपला वापर, असं पुष्कळांनी सुचवलं. एका ओळखीच्यांनी मोडलेल्या खिडकीतले चार शिंपले वर्तमानपत्रात गुंडाळून आणूनही दिले. मी ते वापरले नाहीत. हा जीव वन्यजीव संरक्षण कायद्याने संरक्षित आहे. वास्कोजवळ चिखलीच्या खाडीत तो आजही चिखलात जिवंत आहे आणि त्याची वस्ती आधीच अडचणीत आहे. जुन्या खिडकीतला म्हणून मी आज चार विकले, तर उद्या कुणीतरी चारशे मागेल, आणि ते जुन्या खिडकीतले आहेत की खाडीतले, हे कोण बघणार? ज्या घरांवर माझं प्रेम आहे त्यांच्या पायी त्या चिखलातला जीव जावा, हे मला करायचं नाही.

शेवटी उत्तर अभ्रकात सापडलं. अभ्रकाचे पापुद्रे असतात. पातळ पात्याने कडेला खाच दिली की वहीच्या पानासारखा एकेक सुटा होतो. तीन पापुद्रे ठेवले तर बराच उजेड, सात ठेवले तर खिडकीतला उजेड. माझ्यासाठी सात हे माप ठरलं. चांदीच्या दोन पट्ट्यांना आतून खाचा पाडल्या आणि अभ्रक वरून सरकवलं, सुताराने शिंपला सरकवावा तसं. डिंक नाही, काटे नाहीत. ही पद्धतही खिडकीचीच. एक शिंपला फुटला तर अख्खी खिडकी काढावी लागत नाही, तो एक काढून दुसरा सरकवता येतो. अभ्रक मऊ असतं, ओरखडे पडतात. दोन-तीन वर्षांनी बाई येते, मी जुना पापुद्रा काढून नवा घालते. त्या निमित्ताने तिची भेट होते. बाबांचं डागडुजीचं काम माझ्या हाताला असं लागलं.

सज्ज्याचं कानातलंही मी पुन्हा केलं. या वेळी ठोकून उठवायचं नाही, कापून काढायचं असं ठरवून. ०.८ मिलिमीटर जाडीचा स्टर्लिंग चांदीचा पत्रा घेतला, म्हणजे शंभरात साडेब्याण्णव भाग चांदी आणि साडेसात भाग बहुतेक तांबं. निव्वळ चांदी फार मऊ, इतक्या बारीक सळ्या तिच्यात उभ्या राहत नाहीत. पत्र्यावर कागद चिकटवला. प्रत्येक फटीत एक बारीक भोक पाडलं. ४/० नंबरची पाती, केसाहून थोडी जाड, एका टोकाने सोडवून त्या भोकातून ओवायची, परत फ्रेमला आवळायची, पात्याला मेण लावायचं आणि हात अगदी सरळ खाली-वर. पात्याचे दात खालच्या बाजूला असतात, म्हणजे खाली येताना कापतं, वर जाताना नुसतं जातं. जोर लावला की तुटतं. वळणावर घाई केली की तुटतं. श्वास लागला असेल तरी तुटतं. पहिल्या जोडीला माझी अकरा पाती गेली.

या कामात एक क्रम आहे, तो बाबांनी शिकवला आणि तो मोडता येत नाही. आधी आतल्या रिकाम्या जागा कापायच्या, बाहेरची रेघ शेवटी. बाहेरचा आकार आधी कापला तर धरायला काही उरत नाही, आणि आतलं कापताना सळ्या वाकतात. म्हणजे कानातल्याला कानातल्याचा आकार येण्याआधी त्यातल्या सगळ्या फटी तयार असतात. समोर चौकोनी पत्रा असतो, आणि त्याच्या मधोमध सज्जा उघडलेला असतो. दर वेळी त्या टप्प्यावर मी पत्रा उचलून खिडकीकडे धरते. तसं करण्याची कामाला काही गरज नाही.

एकदा वरची पट्टी डाक देऊन, म्हणजे सांध्यात धातू वितळवून, जोडताना नजर चुकली. साधारण आठशे अंशांच्या पुढे ही चांदी वितळायला लागते आणि सळ्या बारीक असल्या की पट्टी तापायच्या आधी सळ्या तापतात. डोळ्यांदेखत चार सळ्या चमकल्या, वाकल्या आणि एकमेकींना चिकटून एक थेंब झाला. दोन दिवसांचं काम. बाबा शेजारीच होते. त्यांनी चिमट्याने तो थेंब उचलून मुशीत टाकला, जिथे आधीचा कीस आणि तुकडे होते. आमच्याकडे फुकट काहीच जात नाही. कापलेल्या फटींची चांदी आटवून पुढच्या पत्र्यात जाते. गिऱ्हाइकाला मात्र हे समजावणं कठीण. चांदी इतकीशी आणि पैसे इतके? पाच ग्रॅमच्या जोडीची घडणावळ चांदीच्या कितीतरी पट कशी? मी त्यांना करवत हातात देते आणि एक फट कापायला सांगते. बहुतेक जणी अर्ध्यात थांबतात आणि मग किमतीवर बोलत नाहीत.

बाबांच्या दुकानात भिंतीवर दोन खिळे आहेत आणि त्यांना धुतलेल्या साखळ्या वाळत टांगलेल्या असतात. प्रत्येक साखळी आपापली झोकदार रेघ धरून लोंबते. १६७५ मध्ये रॉबर्ट हुक या इंग्रज शास्त्रज्ञाने म्हणून ठेवलं आहे की साखळी जशी लोंबते, तशीच रेघ उलटी केली की कमान उभी राहते. लोंबताना जिथे ओढ असते तिथे उभं राहताना दाब येतो, एवढाच फरक. पुढे बार्सिलोनाच्या गाउदी या वास्तुकाराने साखळ्या आणि वजनाच्या पिशव्या छताला टांगून एका चर्चचा आराखडा शोधला होता. हे वाचल्यावर मी बाबांच्या भिंतीवरच्या साखळीचा फोटो काढला, उलटा केला आणि पणजीच्या कमानी बघत फिरले.

एकही जुळेना. आमच्या कमानी बहुतेक अर्धगोल, कंपासाने काढल्यासारख्या, आणि साखळीची रेघ त्याहून टोकदार. मग लक्षात आलं की या भिंती चिऱ्याच्या आहेत, हात-दीड हात जाड. साखळीची रेघ त्या जाडीच्या पोटातून निघून जाते, बाहेर पडत नाही, म्हणून अर्धगोलही दोनशे वर्षं उभा राहतो. माझ्या चांदीला तेवढं पोट नाही. म्हणून मी कमानीचा हार केला तेव्हा अर्धगोल सोडून दिला आणि साखळीला विचारलं. पाच कमानी, प्रत्येक उलटी, गळ्यात घातल्यावर ज्या रेघेत लोंबायला हवं त्याच रेघेत घडवलेली. तो हार अंगावर झटापट करत नाही, आपसूक जागेवर बसतो. बाबांचा तो नेहमीचा प्रश्न त्या हाराला त्यांनी विचारला नाही.

चांदीत इमारत उभी करणारी मी काही पहिली नाही. जुन्या गोव्यात बॉम जेझसच्या बॅसिलिकेत सेंट झेवियरची चांदीची पेटी आहे. १६३६-३७ मध्ये गोव्यातल्याच कारागिरांनी घडवलेली. कप्प्याकप्प्यांत त्या संताच्या आयुष्यातले प्रसंग, एखाद्या छोट्या देवळासारखी तिची बांधणी. पुढे १६९८ मध्ये टस्कनीच्या ड्यूकने पाठवलेल्या संगमरवरी चौथऱ्यावर ती चढली आणि तेव्हापासून आपण ती खालूनच बघतो. इतक्या खालून प्रसंग वाचता येत नाहीत. चांदीवरून सरकणारा उजेड तेवढा दिसतो. मी तिथे तासभर मान वर करून उभी होते तेव्हा मला पहिल्यांदा अंतराचं महत्त्व कळलं. पेटी जवळून बघण्यासाठी घडवली आणि लांबून बघितली गेली. दागिन्याचं अंतर एक हाताचं असतं, बोलणाऱ्या दोन माणसांमधलं. त्या अंतरावरून जे दिसत नाही ते मी आता काढून टाकते. कठड्याच्या पानांवरच्या शिरा गेल्या, कोंबड्याचा तुरा गेला, पूर्ण कोंबडाच गेला.

त्या पेटीच्याही आधी, १५१८ ते १५२० या काळात, गोव्याचा एक सोनार लिस्बनला राजा मानुएलच्या पदरी काम करत होता. पोर्तुगीज कागदांत त्याचं नाव राउलू शाटिम असं येतं. म्हणजे आमच्याकडचा रावळू शेटच असावा. समुद्रापार, परक्या गावात, परक्या भाषेत आपल्या हातोडीचा आवाज ऐकत तो काय घडवत असेल, हा विचार करवत चालवताना माझ्या मनात अनेकदा येतो. त्याला तिथल्या कमानी दिसल्या असतील. त्याने त्यातलं काय उचललं असेल?

शहर म्हणजे फक्त फोंताइन्हास नाही, हेही मला म्हणायचं आहे. रंगीत भिंतींपुढे फोटो काढून लोक निघून जातात आणि पणजी तेवढीच उरते, याचा मला खरोखर त्रास होतो. १८४३ मध्ये हे गाव राजधानी झालं, पण ते त्या वर्षात थांबलेलं नाही. पणजीतच कांपालला वास्तुकार चार्ल्स कुरैयांनी बांधलेली कला अकादमी १९८३ ची. तिच्या दर्शनी भागावरची काँक्रीटची उघडी जाळीदार चौकट मला गावातल्या कुठल्याही सज्ज्याइतकीच प्रिय आहे. रस्त्यावरून आत शिरताना दार लागत नाही. सावली लागते, मग अंगण, मग मांडवी. नदीकडे जायची वाट इमारतीने अडवलेली नाही. तिच्यावरून मी मनगटासाठी एक पट्टा केला, उभ्या-आडव्या सरळ पट्ट्यांचा, कसलीही नक्षी नसलेला. त्याच्या सावल्या हातावर पडतात. दुपारी बाराला वेगळ्या, संध्याकाळी वेगळ्या. मी घडवलेल्यातला तो मला सगळ्यात आवडतो आणि सगळ्यात कमी विकला जातो. तरुण मुली मात्र मांडवीवरचा अटल सेतू मागतात. २०१९ मध्ये तो सुरू झाला तेव्हा त्या शाळेत होत्या, तो त्यांचा पूल आहे. तारांनी तोललेला पूल म्हणजे गळ्यातला हारच आहे, त्यात मला फारसं काही करावं लागलं नाही.

इथल्या हवेत चांदी लवकर काळी पडते. पावसाळ्यात तर आठवड्यात. सुरुवातीला मी त्याची माफी मागायचे, आता मागत नाही. जुनी माणसं सांगतात, पोर्तुगीज अमदानीत दर पावसाळ्यानंतर घराला रंग काढावाच लागे, आणि पांढरा रंग चर्चसाठी राखलेला असे. इथे प्रत्येक गोष्टीला पाऊस संपल्यावर हात लावावा लागतो. मी गिऱ्हाइकांना चार रिठे पुडीत बांधून देते आणि सांगते, दसऱ्याच्या आसपास कोमट पाण्यात धुवा, मऊ ब्रशने. सळ्या उजळ होतील, कडांच्या आतला काळेपणा राहू द्या. सज्ज्याच्या फटीतही सावली असतेच.

आन्टींना दुसरी जोडी द्यायला गेले तेव्हा त्यांनी ती आधी कानात घातलीच नाही. परत उजेडात धरली, परत एक डोळा मिटला. बराच वेळ बघत होत्या. मग घातली आणि सज्ज्यात जाऊन बसल्या. मी त्यांच्या बाजूला, थोडी मागे. चांदीच्या फटींमधून त्यांच्या मानेची सुरकुतलेली, गव्हाळ कातडी दिसत होती आणि मान हलली की फटीही हलत होत्या. खालून मासळीवालीने वर बघून हाक मारली.

गेल्या महिन्यात पणजीतल्याच सां तोमेच्या बाजूला एका घराला पाडकामासाठी परांची बांधली. मालक बाहेरगावी, घर विकलेलं. कंत्राटदार भला माणूस निघाला. कठडा निघायच्या आदल्या दिवशी त्याने मला वर जाऊ दिलं. मोठा पातळ कागद कठड्यावर टेकवून मी दोन तास पेन्सिल घासत होते. लोखंडाची प्रत्येक कड, गंजाचा प्रत्येक खड्डा कागदावर उमटला. घरी येऊन तो कागद जमिनीवर पसरला. बाबांची नजर आता बारीक कामाला चालत नाही, पण ते गुडघे टेकून खाली बसले आणि बोटाने सळ्या मोजायला लागले. मोजून झाल्यावर परत पहिल्यापासून मोजल्या.

"ही आठवी बघ," ते म्हणाले. "ही ओतीव नाही. ही कुणीतरी नंतर घातली आहे. ठोकून केलेली."

मी वाकून पाहिलं. खरंच, बाकीच्या गुळगुळीत उमटल्या होत्या. आठवीवर हातोडीचे ठोके होते, एकाखाली एक, आणि ती इतरांपेक्षा जराशी जाड होती. मूळ सळी कधीतरी तुटली असेल आणि गावातल्या लोहाराने नवी घडवून बसवली असेल. तिच्या दोन्ही बाजूंच्या फटी त्यामुळे थोड्या अरुंद झाल्या होत्या.

मी म्हटलं, पत्र्यावर उतरवताना सारखी करून घेते.

"नको," बाबा म्हणाले. "तिचे ठोके मी मारतो. हातोडी दे."